चादरीमागचं घुंगरू

"ताई, यंदाचं गवत एक नंबर हाय," कूलरवाला म्हणाला आणि मला लगेच संशय आला. गेल्या वर्षीही त्याच्याकडं एक नंबरच होतं, त्याच्या आदल्या वर्षीही. दोन नंबरचं गवत हा माणूस कुणाच्या कूलरला लावतो, ते मला एकदा बघायचंय. मी मूठभर गवत घेऊन चुरगाळलं, वास घेतला, खाली भुसा किती पडतो ते पाहिलं. तो बिचारा उन्हात दारात उभा. गवत बरं निघालं, तरी "बघू, आठवडाभरात कळेलच," म्हणत मी त्याला आत घेतलं.

मग कूलर सुरू झाला. ओल्या गवताचा तो पहिला वास आला आणि त्यामागोमाग तो आवाज. सोलापुरात उन्हाळा आल्याचं आम्हाला त्या आवाजावरनंच कळतं. होळी झाली की एकेका घरातनं घरघर सुरू होते आणि मृग लागेपर्यंत अख्खी गल्ली घरघरत असते. माणसं वरच्या पट्टीत बोलायला लागतात, टीव्ही मोठा होतो, शेजारी भांडण चाललंय की कुणाला जेवायला बोलावताहेत ते कळेनासं होतं. दर वर्षी हा आवाज सुरू झाला की मला तो एक उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात भर दुपारी कूलर बंद करून बसायची पद्धत पडली होती.

कारण त्या उन्हाळ्यात ह्यांचे स्पीकर आले होते.

माझा संशयी स्वभाव माहेरचा. अक्कलकोटला आमच्या अप्पांचं किराणा दुकान होतं. हळद पाण्यात टाकून बघायची, हिंगाचा खडा जाळून बघायचा, तुपाचा थेंब तळव्यावर चोळून बघायचा, हे मी अक्षरं शिकायच्या आधी शिकले. "नोडु, आमेले नंबु," अप्पा कानडीत म्हणायचे. आधी बघ, मग विश्वास ठेव. सासरी आल्यावरही मी तेच करत राहिले. दूध, सोनं, पाहुण्यांची स्तुती, सगळं आधी तळव्यावर चोळून पाहायचं. ह्यांना त्याचं हसू यायचं. हे म्हणजे आमचे मालक, ज्यांना अर्धं शहर अण्णा म्हणतं. ह्यांचा विश्वास चटकन बसतो. कुणी गळ्यावर हात ठेवून शपथ घेतली की ह्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

त्यामुळं पुण्याहून तो माणूस स्पीकर जोडायला आला, तेव्हा मी चहा ठेवून मुद्दाम दारात उभी राहिले. गोरागोमटा, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला लोण्यासारखा. तो म्हणाला, "काकू, ह्याचा आवाज खूप उबदार आहे." मी म्हटलं, "ऐन उन्हाळ्यात सोलापुरात उबदार काय विकताय? गार काही असलं तर दाखवा की." तो हसला, पण ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी कप गोळा करून आत गेले. आतनं ऐकू येत होतं. आवाजाला खोली आहे, आवाजात हवा आहे, गाणारीचा श्वास ऐकू येतो. अंगठ्याएवढी जाड वायर दाखवून तो सांगत होता की साध्या वायरीतनं संगीत दमून पोचतं. माणसानं इतकी सुंदर विशेषणं वापरली की समजावं, त्याला मालाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. किंमत काय पडली, ते ह्यांनी मला सांगितलं नाही. ते न सांगणं हीच मला मिळालेली सगळ्यात खरी माहिती होती.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. दुपारी जेवणं झाली की हे खिडक्या लावायचे, पडदे ओढायचे आणि कूलर बंद करायचे. कूलरच्या घरघरीत म्हणे बारीक काम ऐकू येत नाही. मग हे डोळे मिटून खुर्चीत, मी घामानं भिजत शेजारी, आणि समोर कपाटाएवढे दोन काळे डबे. "बघ, आवाज कसा मोकळा झालाय," हे म्हणायचे. ह्यांच्या कानामागनं घामाचा ओघळ निघून बंडीत शिरायचा. मला काही मोकळं वाटत नव्हतं. स्वयंपाकघरात माझा एक मुठीएवढा स्पीकर होता, नवी पेठेतनं घेतलेला, तेलकट हातांनी चिकट झालेला. शेंगाची चटणी कुटताना मी त्याच्यावर तीच गाणी ऐकत होते, तीही कूलर लावून. गाणारी बाई दोन्हीकडं तीच होती. तिला माझ्या ओट्यावर काही कमी पडलंय असं मला कधी वाटलं नाही.

खरी गंमत पुढं झाली. इतकं आणूनही ह्यांचं समाधान होईना. विशेषतः एक गाणं होतं, ह्यांच्या लहानपणापासूनचं, एका बाईंनी अगदी साध्या चालीत म्हटलेलं. ते लावायचे, पुढं झुकून ऐकायचे आणि शेवटी मान हलवायचे. "काय तरी राहतंय." मग डबे भिंतीपासून लांब सरकवले. मग जवळ आणले. मग वायर बदलली. मग आपल्या लाईटचाच दाब खालीवर होतो म्हणून वेगळं यंत्र बसवलं. मग गाण्याची प्रतच खोटी असणार, असं ठरलं. पुण्याचा माणूस फोनवर प्रत्येक वेळी नवं काहीतरी सुचवायचा, आणि जे सुचवायचा ते नेमकं त्याच्याच दुकानात असायचं. मला वाटलं, असतंच हे असं. महागाच्या वस्तूला एकदा घरात घेतलं की ती नातेवाईक बोलावत राहते. काय राहतंय, हे मात्र मी ह्यांना कधी विचारलं नाही. त्या राहण्यावरच माझा विश्वास नव्हता.

आता त्या उन्हाळ्याकडं वळून बघते तेव्हा मला स्पीकरपेक्षा माठच जास्त आठवतो. आमच्या घरी माठ ह्यांनीच आणायचा, असा रिवाज. बाजारात कुंभाराच्या ओळीत उकिडवं बसायचं, एकेका माठावर बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान लावायचा. पक्का भाजलेला माठ खणखणतो. चिरलेला बद्द बोलतो, चीर डोळ्यांना दिसत नसली तरी. लग्न झालं तेव्हापासून ह्यांनी आणलेला एकही माठ कधी गळला नव्हता. त्या वर्षीचा गळला. रात्रभरात तिवईखाली ओल आली. मी तडक कुंभाराकडं गेले आणि त्याला बाजारात चार माणसांसमोर सुनावलं. तो म्हणाला, "अण्णानीच वाजवून घेतलाय की वो." मी म्हटलं, तूच हातचलाखीनं बदलला असशील. दुसरा माठ मी स्वतः वाजवून आणला.

तसंच हाक मारण्याचं. मी स्वयंपाकघरातनं काही विचारलं तर हे उत्तर द्यायचे नाहीत. समोर गेले की नीट बोलायचे, हसायचे. मला संशय आला की मला टाळताहेत. किंमत विचारीन म्हणून ऐकू न आल्याचं सोंग करताहेत, असंही वाटलं. घरातला माणूस पाठमोरा असताना बहिरा आणि समोर आल्यावर शहाणा, याचा दुसरा काय अर्थ लावायचा?

शेवटी मीच म्हटलं, बघूया एकदाचं. नवे डबे आणि आमचे जुने, मुलाच्या शाळेच्या वेळचे, शेजारी शेजारी ठेवायचे. मध्ये आडोसा करायचा. कोणते वाजताहेत ते ओळखून दाखवायचं. हे लगेच तयार झाले. साक्षीला रशीदभाईंना बोलावलं. रशीदभाई ह्यांच्या टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचे, आता कारखाना ह्यांच्या पुतण्याकडं आहे आणि रशीदभाई घरीच असतात. दोघांची मैत्री मात्र रोज संध्याकाळी कट्ट्यावर चालू असते.

आडोसा म्हटल्यावर आमच्या गावात माणसाचा हात कुठं जाणार? चादरीकडं. सोलापुरात चादर नुसती पांघरत नाहीत. तिची गाठोडी होतात, तिचा पाळणा होतो, पाहुण्याला निरोप देताना तीच हातात ठेवतात. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोरी बांधून मी कपाटातली सगळ्यात जाड चादर टाकली, एका बाजूला जे लाल ते दुसऱ्या बाजूला पांढरं दिसणारी. चादरीच्या आत मी आणि चार डबे. बाहेर खुर्च्यांवर हे दोघं. खिडक्या बंद, कूलर बंद. त्या गाण्याशिवाय दुसरं गाणं चालणार नव्हतंच. एकदा ह्या डब्यांवर, एकदा त्या डब्यांवर, मी वायर बदलत राहिले.

"हे नवीन," ह्यांनी ठासून सांगितलं. जुने होते.

"आता जुनं. लगेच कळतंय की." नवे होते.

"अण्णा, मेरेको तो दोनो सेमच लगते," रशीदभाई म्हणाले.

मी आत तोंडाला पदर लावून हसत होते. खरं सांगते, त्या दुपारी मला जितका आनंद झाला तितका मुलाच्या निकालाच्या दिवशीही झाला नसेल. उबदार आवाज, आवाजातली हवा, अंगठ्याएवढी वायर, सगळं एका चादरीनं झाकून टाकलं होतं. पण हसता हसता मला एक गोष्ट खटकली. त्या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी मागं कुणीतरी घुंगरू हलवतं. एकदाच, अगदी हलकं. मला आत ते दोन्ही डब्यांवर स्वच्छ ऐकू येत होतं, माझ्या ओट्यावरच्या चिकट स्पीकरवर येतं तसंच. बाहेर मात्र त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. बारीक काम ओळखायचं तर तीच खूण होती.

"आणि घुंगरू?" मी आतनं विचारलं.

"कौनसा घुंगरू, भाभी?" रशीदभाईंचा आवाज आला. हे काहीच बोलले नाहीत.

"अहो, घुंगरू!" मी मोठ्यानं म्हटलं. तरी ह्यांचं उत्तर नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की परीक्षाच चुकली होती. एवढ्या जाड सुती चादरीनं बारीक आवाज सगळा पिऊन टाकला होता. चादरीच्या गावात राहून आम्हाला एवढं कळू नये! मी दोरीवरनं चादर ओढली आणि गाणं पुन्हा लावलं. दुसरं कडवं आलं. "हां, आया की!" रशीदभाई खूश होऊन म्हणाले. "छन्न करून. लई गोड हाय, अण्णा."

हे आमच्या दोघांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होते. "कुठं?" ह्यांनी विचारलं.

पुन्हा लावलं. हे उठून नव्या डब्याला कान लावून बसले. मग जुन्या. मग आत जाऊन माझा ओट्यावरचा स्पीकर घेऊन आले आणि तो कानाशी धरला. रशीदभाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली वळवली. बंद खोलीत गाणं चालू होतं, आम्हा तिघांनाही घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि कुणाला कूलर लावायचं सुचत नव्हतं. गाणं संपल्यावर हे हळूच म्हणाले, "तेच हुडकत होतो मी."

मग मला सगळं एकदम दिसलं. माठ. पाठमोऱ्या हाका. मागांच्या कारखान्यात आवाज इतका असतो की तिथली माणसं कानानं बोलणं ऐकतच नाहीत, ओठांवरनं वाचतात. मालक, कामगार, तेलुगू बोलणारे, मराठी बोलणारे, सगळ्यांचं काम ओठांवर चालतं. ह्यांना ती सवय पोरवयापासून. समोरचा माणूस दिसला की ह्यांना त्याचं बोलणं कळायचं, आणि ते ऐकलं की पाहिलं, हे त्यांचं त्यांनाही कळत नसावं. मी नेमकी चादरीमागं गेले आणि माझे ओठ झाकले गेले.

रशीदभाई गेल्यावर ह्यांनी सांगितलं. लहानपणी घराला लागूनच माग होते. दिवसभर खटाखट. जेवणाच्या सुट्टीत एकदम सगळे माग थांबायचे आणि घरात अशी शांतता व्हायची की कान दुखायचे. तेवढ्या वेळात ह्यांच्या आत्या टेप लावायच्या. तो टेप कसला, डाव्या बाजूचं झाकण तुटलेला, सेल संपत आले की बाई पुरुषासारखी गायची. त्या टेपवर हे घुंगरू ऐकू यायचं. "त्या भंगारात यायचं," हे म्हणाले, "आणि ह्यात न्हाय. म्हणून मला वाटलं, आणखी चांगलं आणावं, मग येईल."

माझे सासरे शेवटी पूर्ण बहिरे झाले होते. मागांनीच. लग्नकार्यात त्यांना पहिल्या रांगेत बसवायचे, नवा फेटा बांधून, आणि मग कुणी त्यांच्याकडं फिरकायचं नाही. "बाबांचं बघितलंयस ना?" हे म्हणाले. "माणसं आधी मोठ्यानं बोलतात. मग खुणा करतात. मग बोलायचंच सोडतात." ह्यांच्या तोंडून मी कधी भीतीचा शब्द ऐकला नव्हता. कारखान्यातली आग, मंदी, सगळं त्यांनी हसत काढलं होतं. त्या दुपारी मला फार वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं अजून पुरतं गेलेलं नाही.

मला लोक विचारतात, कारण हे डबे अजून दिवाणखान्यात आहेत. खरंच चांगले वाजतात का हो? मी काय सांगणार! चादरीच्या आत मी एकटीच दोन्हींच्या मध्ये बसले होते. मला नव्या डब्यांत तबल्याचा डग्गा जरा भरीव लागल्यासारखा वाटला होता. पण वायर माझ्याच हातात होती. कोणते वाजताहेत ते मला ठाऊक होतं, आणि ज्याला आधीच ठाऊक आहे त्याच्या कानाची साक्ष मी तरी धरणार नाही. कदाचित ते चांगले असतीलही. विकणारा गोड बोलतो म्हणून माल वाईटच असतो, असंही अप्पांनी शिकवलं नव्हतं. ज्याला त्यातला फरक कळावा तो कान, मात्र, कुठल्याच दुकानात नव्या डब्याबरोबर मिळत नाही.

मग कानाची यंत्रं आली. तिथंही तेच! तपासणाऱ्या मुलीनं एक स्वस्तातलं लावून दाखवलं, एक महागातलं. महागातल्याला ती म्हणाली, "ह्याचा आवाज एकदम नैसर्गिक आहे, काका." आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि हे खदखदून हसले. आता मात्र वेगळंच झालं. मी म्हणत होते महागातलं घ्या, आणि हे म्हणत होते, "कशावरनं?" माझा प्रश्न त्यांनी उचलला होता आणि तो माझ्याविरुद्ध ऐकणं मला जड जात होतं. शेवटी चारचौघं घेतात तसं मधलं घेतलं.

यंत्रानं ह्यांना पुष्कळ ऐकवलं. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज, नळाचा, स्वतःच्या पापड खाण्याचा. "कडकडाटानं डोकं उठतंय," म्हणायचे. पाठमोरी मारलेली हाक आता त्यांच्यापर्यंत पोचते, बहुतेक वेळा. घुंगरूही आलं. हे मोठ्या आशेनं पुढं झुकले, ऐकलं आणि मागं टेकले. "आलं. पण किल्ल्या वाजल्यागत," म्हणाले. "ते न्हाय हे." पुन्हा त्यांनी ते गाणं माझ्यासमोर लावलं नाही. यंत्र पुष्कळदा डबीत असतं, डबी कोनाड्यात.

आणि आज, कूलरवाला गेल्यावर, दुपारी जेवणं झाल्यावर, ह्यांनी स्वतःहून ते गाणं लावलं.

मी सवयीनं उठले, कूलर बंद करायला. "असू दे," हे म्हणाले. मला लगेच संशय आला. ज्या माणसानं मला एक अख्खा उन्हाळा घामात बसवलं, त्याला आज घरघर चालते? ह्यांनी कारखान्यातला जुना टॉवेल ओला करून डोक्यावरनं कानांपर्यंत गुंडाळला होता, आम्ही सगळेच उन्हाळ्यात गुंडाळतो तसा. कानात यंत्र आहे की नाही ते दिसत नव्हतं. डबी कोनाड्यात होती, माझ्या हाताच्या अंतरावर. उघडून बघितली असती तर कळलं असतं.

मी बसले. पहिलं कडवं झालं. नव्या गवतावरनं पाणी ठिबकत होतं, पंखा भणभणत होता, गाणारी बाई त्या सगळ्यातनं कशीबशी वाट काढत होती. ह्यांचे डोळे मिटलेले, हात खुर्चीच्या दांड्यावर. दुसऱ्या कडव्याच्या जरा आधी त्यांचं बोट दांड्यावरनं उचललं गेलं आणि नेमक्या जागी, अलगद, खाली आलं.

मी कान देऊन बसले होते. माझे कान अजून चांगले आहेत. त्या घरघरीत मला घुंगरू ऐकू आलं नाही.

ह्यांनी डोळे उघडले. तोंडावर असं हसू की मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. "आलं का न्हाय?" ह्यांनी विचारलं.

मी तोंड त्यांच्याकडं केलं, ओठ नीट दिसतील असं.

"आलं की," मी म्हटलं. "छन्न करून आलं."